फ्रान्झ ओस्टेन

फ्रान्झ ओस्टेन (जन्म : म्युनिक, २३ डिसेंबर १८७६, मृत्यू : २ डिसेंबर १९५६) हे जर्मन चित्रपट-दिग्दर्शक होते. त्यांचे मूळ आडनाव ओस्टरमायर. हिमांशू राय यांच्या सहकार्याने भारतात काढलेले तीन मूकपट आणि १९३५ ते १९३९ या काळात मुंबईच्या बॉम्बे टॉकीजसाठी दिग्दर्शित केलेले पंधरा-सोळा हिंदी बोलपट ही त्यांची मुख्य कामगिरी होय. अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील 'अछूत कन्या' (१९३६) ही प्रेमकथा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे. हा चित्रपट ज्या वर्षी प्रदर्शित झाला, त्याच वर्षी ओस्टेन जर्मनीच्या नाझी पक्षाचे सदस्य झाले होते. त्यामुळे त्यांच्या चरित्राचा विचार या विसंगतीला वगळून करता येत नाही.

सुरुवातीचे जीवन

ओस्टेन यांचे वडील म्युनिकमध्ये छायाचित्रकार होते. फ्रान्झ यांनीही तेच शिक्षण घेतले व काही काळ अभिनय करून पाहिला. धाकटे बंधू पीटर यांच्यासह १९०७ मध्ये त्यांनी एक फिरता सिनेमा सुरू केला. त्यात दाखवल्या जाणाऱ्या लघुपटांपैकी एक भारतातील जीवनावरचा होता. पीटर ओस्टरमायर हे पुढे मोठे निर्माते झाले. म्युनिकजवळच्या गाइझेलगास्टाइग येथील प्रसिद्ध स्टुडिओची उभारणी त्यांनी केली आणि त्यांच्या उद्योगातूनच 'एमेल्का' ही चित्रपटसंस्था उदयास आली. फ्रान्झ यांनी घराण्याच्या नावाशी गल्लत होऊ नये म्हणून 'ओस्टेन' हे नाव घेतले.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी एमेल्कासाठी बरेच चित्रपट केले. त्यांत बव्हेरियाची खेडी, डोंगर, शेतकऱ्यांची भांडणे आणि अयशस्वी प्रेमे यांना मोठे स्थान होते. लुडविग गांगहोफर या लोकप्रिय कादंबरीकाराच्या कथांवरही त्यांनी चित्रपट काढले. जर्मन चित्रपटाच्या इतिहासात या कामाला दुय्यम जागा मिळते आणि ती योग्यच आहे. मात्र ग्रामीण भावनाट्य सफाईने मांडण्याची जी हातोटी त्यांना येथे साधली, ती पुढे मालाडला उपयोगी पडली.

भारतातील मूकपट

बंगालमध्ये वाढलेले व कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेलेले हिमांशू राय तेथे रंगभूमीकडे वळले होते. बिपिनचंद्र पाल यांचे पुत्र, नाटककार निरंजन पाल यांची त्यांना साथ होती. एडविन अर्नोल्ड यांच्या बुद्धचरित्रपर काव्यावर चित्रपट काढण्याची कल्पना घेऊन राय म्युनिकला गेले आणि एमेल्काशी करार झाला. पैसा आणि नटवर्ग भारताने द्यायचा, दिग्दर्शक, छायालेखक व यंत्रसामग्री जर्मनांनी आणायची, अशी ही वाटणी होती. १९२५ च्या आरंभी ओस्टेन आपल्या छोट्या पथकासह बोटीने मुंबईस आले. पथकात जोसेफ विर्शिंग हा तरुण छायालेखकही होता.

'प्रेम संन्यास' (१९२५) या नावाने तो चित्रपट पुरा झाला. गौतमाची भूमिका स्वतः राय यांनी केली. जयपूर दरबारच्या मदतीने खरे राजवाडे, खरे हत्ती आणि खऱ्या रस्त्यांवरील गर्दी चित्रित करता आली. युरोपात चित्रपटाचे कौतुक झाले, भारतात मात्र तो फारसा चालला नाही. त्यानंतर ताजमहालाच्या दंतकथेवरचा 'शिराज' (१९२८) आणि महाभारतातील द्यूताच्या कल्पनेवर बेतलेला 'प्रपंच पाश' (१९२९) असे दोन मूकपट निघाले. 'प्रपंच पाश'च्या काळातच देविकाराणी यांचा या मंडळींशी संबंध आला. त्या नेपथ्य व वेशभूषेच्या कामात होत्या. त्याच वर्षी त्यांचा हिमांशू राय यांच्याशी विवाह झाला.

हे तिन्ही चित्रपट आज पाहताना पाश्चात्त्य प्रेक्षकाला हवा असलेला 'पूर्वेचा थाट' पदोपदी जाणवतो. तरीही खुल्या उजेडातील त्यांची दृश्ये अजून ताजी वाटतात.

बॉम्बे टॉकीज

१९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्ता आली आणि संयुक्त निर्मितीचे मार्ग अरुंद झाले. राय दांपत्य भारतात परतले. १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज ही भागधारकांची कंपनी स्थापन झाली आणि मालाड येथे फ. ई. दिनशा यांच्या बंगल्याच्या आवारात स्टुडिओ उभा राहिला. ओस्टेन व विर्शिंग पुन्हा आले. नेपथ्यासाठी कार्ल फोन श्प्रेती, रसायनशाळेसाठी विल्हेल्म झोले आणि ध्वनिमुद्रणासाठी इंग्लंडचे लेन हार्टली यांची नेमणूक झाली. (श्प्रेती पुढे पश्चिम जर्मनीचे राजदूत झाले. १९७० मध्ये ग्वातेमालात अपहरण करून त्यांची हत्या करण्यात आली.)

ओस्टेन यांना हिंदी येत नव्हते. कथा-पटकथा निरंजन पाल इंग्रजीत लिहीत, जे. एस. कश्यप त्यांचे हिंदी संवाद करीत आणि विषयाची निवड, पात्रयोजना व अंतिम निर्णय हिमांशू राय यांच्याकडे असे. दिग्दर्शकाने दृश्य बसवायचे, नटांच्या हालचाली ठरवायच्या, विर्शिंगकडून प्रकाश साधून घ्यायचा आणि ठरल्या मुदतीत चित्रपट पुरा करायचा. ही कामे ओस्टेन चोख करीत. १९३६ व १९३७ या दोन्ही वर्षांत त्यांचे प्रत्येकी चार-पाच चित्रपट प्रदर्शित झाले. बॉम्बे टॉकीजच्या त्या चित्रपटांचे श्रेय केवळ त्यांना देणे जितके चुकीचे, तितकेच त्यांना निव्वळ तंत्रज्ञ मानणेही चुकीचे ठरेल.

संस्थेच्या संगीत विभागात सरस्वतीदेवी होत्या. त्या पारशी समाजातील खोरशेद मिनोचर-होमजी. चित्रपटात आल्याबद्दल समाजातून त्यांना व त्यांच्या भगिनीला तीव्र विरोध झाला, म्हणून दोघींनी नावे बदलली. ओस्टेन यांचा मालाडमधील पहिला चित्रपट 'जवानी की हवा' (१९३५) या वादातच प्रदर्शित झाला.

पुढच्या 'जीवन नैया'च्या वेळी नायक नजमुल हसन यांना कंपनीतून काढण्यात आले. राय यांनी रसायनशाळेत काम करणाऱ्या कुमुदलाल गांगुली या तरुणाला नायक केले आणि त्याचे नाव अशोककुमार ठेवले. हा मुलगा नट होणार नाही, त्याचा जबडा फार जड आहे, असे ओस्टेन यांचे मत पडले होते, ही आठवण अशोककुमार पुढे सांगत असत. ओस्टेन यांचा अंदाज साफ चुकला, पण या नटाचे पहिले धडे त्यांच्याच हाताखाली झाले.

अछूत कन्या

निरंजन पाल यांची मूळ कथा रेल्वेच्या फाटकाभोवती रचलेली आहे. फाटकवाला दुखिया अस्पृश्य आहे. साप चावलेल्या मोहन या ब्राह्मण दुकानदाराच्या पायातील विष तो तोंडाने शोषून काढतो आणि दोन कुटुंबांत स्नेह जडतो. मोहनचा मुलगा प्रताप (अशोककुमार) आणि दुखियाची मुलगी कस्तुरी (देविकाराणी) यांचे परस्परांवर प्रेम आहे, पण विवाह अशक्य आहे. दोघांचीही लग्ने आपापल्या जातीत होतात. पुढे गैरसमजातून कस्तुरीचा नवरा मन्नू प्रतापवर फाटकाजवळ हल्ला करतो. येणारी गाडी थांबवण्यासाठी कस्तुरी रुळांवरून धावते आणि मरते.

ही सारी कथा पूर्ववृत्त म्हणून येते. आरंभी मोटारीतून जाणारे एक जोडपे बंद फाटकापाशी अडते, तेथून कथा मागे जाते. फाटक, रूळ आणि गाडीची शिटी यांचा दिग्दर्शनात फार नेमका उपयोग केला आहे. फाटक प्रथम अडवते, मग दोन घरांना एकत्र आणते आणि शेवटी मृत्यूची जागा होते. रात्रीच्या दृश्यांत विर्शिंग यांनी अंधाराचा केलेला वापर हिंदी चित्रपटात त्या काळी नवा होता. पार्श्वगायनाची पद्धत अजून रुळली नव्हती, त्यामुळे नायक-नायिकांनी स्वतःच गाणी म्हटली. सरस्वतीदेवींनी न शिकलेल्या गळ्यांना झेपतील अशा सोप्या चाली दिल्या आणि दोघांचे द्वंद्वगीत देशभर गाजले.

चित्रपटाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. कोरलेल्या भुवयांची कस्तुरी खेड्यातली वाटत नाही. विषयाच्या दृष्टीने हा पहिलाच प्रयत्नही नव्हता. प्रभात कंपनीने संत एकनाथांवरील 'धर्मात्मा' (१९३५) मध्ये अस्पृश्यतेवर याआधी बोट ठेवले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, महाडचा सत्याग्रह होऊन नऊ वर्षे झाली होती आणि येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा १९३५ मध्येच केली होती. त्या काळी अस्पृश्य समाज हक्क मागत होता. चित्रपटातील कस्तुरी मात्र काही मागत नाही. ती सोसते आणि इतरांना वाचवताना मरते. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते, पण विवाहाला आडवी आलेली रूढी शेवटपर्यंत जागची हलत नाही. असे असूनही, स्पर्श-अस्पर्शाचा प्रश्न लोकप्रिय प्रेमपटातून सामान्य प्रेक्षकापर्यंत नेण्याचे काम या चित्रपटाने केले, हे नाकारता येत नाही.

नाझी पक्ष आणि अटक

परदेशांत राहणाऱ्या जर्मन नागरिकांमध्ये नाझी पक्षाच्या शाखा काम करीत असत. ओस्टेन १९३६ मध्ये पक्षाचे सदस्य झाले. त्यांच्या हिंदी चित्रपटांत पक्षाच्या विचारांचा प्रचार आढळत नाही. कथा आणि आशय यांवर त्यांचा ताबा मर्यादित होता, हे त्याचे एक कारण मानता येईल. पण याच कारणामुळे 'अछूत कन्या'तील करुणेवरून ओस्टेन यांच्या व्यक्तिगत मतांचा निष्कर्षही काढता येत नाही. जन्मावरून माणसाला हीन ठरवणाऱ्या रूढीविरुद्धचा चित्रपट त्यांनी मन लावून बसवला, आणि वंशावरून माणसाला हीन ठरवणाऱ्या पक्षात त्यांनी प्रवेश केला. या दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मन नागरिकांना ताब्यात घेतले. ओस्टेन त्या वेळी 'कंगन'चे काम करीत होते. लीला चिटणीस या मराठी अभिनेत्रीला हिंदीत मोठी कीर्ती देणारा हाच चित्रपट. दिग्दर्शकाच्या अटकेनंतर तो सहकाऱ्यांनी पुरा केला व ओस्टेन यांच्याच नावाने प्रदर्शित झाला. स्टुडिओतील परदेशी मंडळी एकाएकी गेल्याने सगळा भार भारतीय साहाय्यकांवर आला. मे १९४० मध्ये हिमांशू राय यांचेही निधन झाले आणि देविकाराणी यांनी संस्थेची सूत्रे हाती घेतली.

उत्तरायुष्य

ओस्टेन यांची १९४० मध्ये सुटका झाली, तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. जर्मनीत परतल्यावर १९४५ पर्यंत ते बव्हेरिया चित्रपटसंस्थेत नोकरीला होते. तेथे नटांची निवड आणि चित्रपटांचा संग्रह ही कामे त्यांच्याकडे होती. युद्धानंतर एका आरोग्यस्नानगृहाचे व्यवस्थापक म्हणून त्यांनी उरलेली वर्षे काढली.

विर्शिंग यांनी युद्धाची वर्षे नजरकैदेत काढली, पण ते भारतातच राहिले. 'महल' (१९४९) व 'दिल अपना और प्रीत पराई' (१९६०) यांचे छायालेखन त्यांचे आहे. 'पाकीजा'चे काम चालू असतानाच १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. ओस्टेन यांच्या मूकपटांपैकी 'प्रपंच पाश' २००६ मध्ये नितीन सावनी यांच्या, तर 'शिराज' २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांच्या नव्या संगीतासह पुन्हा प्रेक्षकांसमोर आले.