हातचे मांडून ठेवणारा गणिती : ॲलन ट्युरिंग

ॲलन ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. त्यामुळे आईवडिलांचे वास्तव्य बराच काळ हिंदुस्थानात असे आणि मुलांचे संगोपन इंग्लंडमध्ये इतरांच्या घरी झाले. पुढे केंब्रिजच्या किंग्ज महाविद्यालयात गणिताचे अध्ययन करून १९३५ मध्ये ते तेथेच फेलो झाले.

गणितातील कोणतेही विधान सिद्ध होऊ शकते की नाही, हे ठरविणारी एखादी ठरावीक रीत आहे काय, असा प्रश्न जर्मन गणिती हिल्बर्ट यांनी उपस्थित केला होता. १९३६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ट्युरिंग यांनी त्याचे नकारार्थी उत्तर दिले. त्यासाठी त्यांनी चौकटींची लांब पट्टी आणि मोजके नियम एवढ्यावर चालणारे एक यंत्र कल्पिले. कोणत्याही यंत्राचे नियम वाचून ते अखंड अंक लिहीत राहील की मध्येच अडकेल, हे दर वेळी अचूक सांगणारी रीत असूच शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले.

हे यंत्र केवळ कागदावरचे होते. महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मन संकेतलिपी उलगडण्याच्या कामी त्यांचा प्रत्यक्ष यंत्रांशी संबंध आला. युद्धानंतर राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत त्यांनी संगणकाचा सविस्तर आराखडा तयार केला. १९४८ मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात गेले आणि तेथील संगणकावर काम करणाऱ्यांसाठी त्यांनी मार्गदर्शिका लिहिली. त्या यंत्राच्या आज्ञा टेलिप्रिंटरच्या ३२ चिन्हांत लिहाव्या लागत. एक चिन्ह चुकले तरी सारी गणना फुकट जाई.

या अनुभवातून निपजलेला एक छोटा निबंध त्यांनी जून १९४९ मध्ये केंब्रिजच्या परिषदेत वाचला. मोठी आज्ञावली बिनचूक आहे हे कसे पडताळावे, हा त्याचा विषय होता. त्यांनी दाखला दिला तो शाळकरी बेरजेचा. हातचे मांडून ठेवले असतील, तर तपासणाऱ्याला प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे तपासता येतो. सारी बेरीज डोक्यात धरावी लागत नाही. त्याचप्रमाणे आज्ञावली लिहिणाऱ्याने ठिकठिकाणी, या क्षणी कोणत्या जागी कोणती संख्या असली पाहिजे, हे नोंदवावे. यंत्र कधीतरी थांबणारच हे दाखविण्यासाठी सतत घटत जाणारी एखादी राशीही दाखवावी. गुणाकार न वापरता, केवळ बेरजांनी क्रमगुणित काढणारी आज्ञावली घेऊन त्यांनी ही रीत उलगडून दाखविली.

सर्व आज्ञावलींना लागू पडणारी कसोटी अशक्य आहे, हे सिद्ध करणाऱ्यानेच एकेका आज्ञावलीची खात्री पटविण्याचा मार्ग दाखविला. यात विसंगती नाही. यंत्राला जे सर्वत्र ओळखता येत नाही, ते लिहिणाऱ्याला आपल्या कामापुरते ठाऊक असते. त्याने ते मांडून मात्र ठेवले पाहिजे.

निबंधाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. समलिंगी संबंधांबद्दल १९५२ मध्ये ट्युरिंग यांना दोषी ठरविण्यात आले आणि तुरुंगवासाऐवजी संप्रेरकांचे उपचार त्यांना पत्करावे लागले. ७ जून १९५४ रोजी, एक्केचाळिसाव्या वर्षी, सायनाइडमुळे त्यांचा मृत्यू झाला. १९६७ मध्ये फ्लॉइड आणि १९६९ मध्ये होअर यांनी तीच दिशा नव्याने शोधली, आणि त्यातून आज्ञावलींच्या सिद्धतेचे शास्त्र उभे राहिले. राजमाफी मिळण्यास मात्र २०१३ साल उजाडावे लागले.