बर्मिंगहॅम घडवणारे महापौर : जोसेफ चेंबरलेन

ब्रिटनच्या संसदीय इतिहासात जोसेफ चेंबरलेन यांचे नाव दोन मोठ्या पक्षांत फूट पाडणारे नेते म्हणून घेतले जाते. बर्मिंगहॅम शहरात मात्र त्यांची ओळख निराळी आहे. तेथे ते पाणी, गॅस आणि रस्ते यांचा कारभार लोकांच्या हाती आणणारे महापौर म्हणून स्मरणात राहिले. पंतप्रधानपद त्यांना कधीच लाभले नाही. परंतु नगरपालिकेच्या सत्तेतून काय साधता येते, याचा वस्तुपाठ त्यांच्या अवघ्या अडीच वर्षांच्या महापौरपदाने घालून दिला.

चेंबरलेन यांचा जन्म ८ जुलै १८३६ रोजी लंडनमधील कॅम्बरवेल येथे झाला. वडिलांचा पादत्राणांचा व्यवसाय होता. घराणे युनिटेरियन पंथाचे, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते वडिलांच्या व्यवसायात शिरले. बर्मिंगहॅममध्ये आत्याचे यजमान नेटलफोल्ड यांचा स्क्रू बनवण्याचा कारखाना होता आणि त्यात वडिलांनी भांडवल घातले होते. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी १८५४ मध्ये अठरा वर्षांचे जोसेफ त्या शहरात आले आणि कायमचे तेथलेच झाले. पुढील वीस वर्षांत तो कारखाना देशात अग्रेसर ठरला. अडतिसाव्या वर्षी भरपूर संपत्ती गाठीशी बांधून त्यांनी धंद्यातून निवृत्ती घेतली.

घरात मात्र दुःखाने पाठ सोडली नाही. १८६३ मध्ये मुलगा ऑस्टिन याच्या जन्मानंतर पहिली पत्नी हॅरिएट हिचे निधन झाले. दुसरी पत्नी फ्लॉरेन्स हीदेखील १८७५ मध्ये बाळंतपणातच गेली. या आघातांनी त्यांची धर्मश्रद्धा ढासळली; लोककार्यातील त्यांचा आवेश मात्र कमी झाला नाही.

नोव्हेंबर १८७३ मध्ये ते महापौर झाले, तेव्हा शहराचा गॅस दोन खासगी कंपन्यांच्या हाती होता आणि नळाचे पाणीही खासगी कंपनीच पुरवीत असे. जवळपास निम्मी वस्ती विहिरींच्या पाण्यावर अवलंबून होती आणि त्यांतील कित्येक विहिरींत सांडपाणी झिरपत असे. चेंबरलेन यांनी कर्ज उभारून गॅस कंपन्या विकत घेतल्या. त्यासाठी सुमारे वीस लाख पौंड मोजले. पाठोपाठ पाणीपुरवठाही नगरपालिकेकडे आला. दोन्हींमागचा हिशेब वेगळा होता. गॅसवर नफा मिळवून तो शहराच्या कामी लावण्यास त्यांची हरकत नव्हती. पाण्यावर मात्र नफा घेऊ नये, तो दर कमी करण्यासाठीच वापरावा, असा त्यांचा आग्रह होता.

१८७५ च्या कायद्याचा आधार घेऊन शहराच्या मध्यभागातील सुमारे चाळीस एकर दाट वस्ती हटवण्याची योजना आखली गेली आणि तेथून कॉर्पोरेशन स्ट्रीट हा रुंद रस्ता निघाला. या कामाला काळी बाजूही होती. रस्त्याच्या दुतर्फा दुकाने आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. विस्थापित गरिबांसाठी पुरेशी घरे बांधली गेली नाहीत. त्यांना शेजारच्या कोंदट वस्त्यांचाच आसरा घ्यावा लागला.

१८७६ मध्ये चेंबरलेन संसदेत गेले. ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळात त्यांना स्थान मिळाले. परंतु आयर्लंडला स्वराज्य देण्याच्या प्रश्नावर १८८६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लिबरल पक्ष दुभंगला. गावपातळीवर लोकसत्तेचा पुरस्कार करणारा हा नेता साम्राज्याच्या बाबतीत कठोर झाला. १८९५ पासून ते वसाहत मंत्री होते. त्यांच्याच काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. तेथील छावण्यांत हजारो बोअर स्त्रिया आणि मुले दगावली. वेगळ्या छावण्यांत डांबलेल्या कृष्णवर्णीयांचेही मोठ्या संख्येने मृत्यू झाले. त्या युद्धाचा कलंक त्यांच्या नावाला कायमचा चिकटला.

१९०३ मध्ये त्यांनी खुल्या व्यापाराचे धोरण सोडून परदेशी मालावर जकात बसवावी आणि वसाहतींना सवलत द्यावी, असा विचार मांडला व त्यासाठी मंत्रिपदही सोडले. पाव महागेल, ही भीती सामान्य मतदाराच्या मनात बसली. आता ते ज्यांच्यासोबत होते, त्या कॉन्झर्व्हेटिव्ह गोटातच फूट पडली आणि १९०६ च्या निवडणुकीत त्याचा धुव्वा उडाला. त्या पडझडीतही बर्मिंगहॅमच्या सातही जागा चेंबरलेन यांच्या बाजूनेच राहिल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये शहराने त्यांचा सत्तरावा वाढदिवस थाटात साजरा केला. काही दिवसांतच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वक्तृत्वाने सभा जिंकणाऱ्या या नेत्याची वाणी त्यानंतर जवळपास लोपली.

२ जुलै १९१४ रोजी, पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या महिनाभर आधी, त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन करण्याचा मान देऊ केला गेला होता. कुटुंबाने तो नम्रपणे नाकारला आणि त्यांचा देह बर्मिंगहॅमच्याच मातीत विसावला. पुढे त्यांचा एक मुलगा ऑस्टिन परराष्ट्रमंत्री होऊन शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला, तर दुसरा मुलगा नेव्हिल पंतप्रधान झाला. ज्या साम्राज्यासाठी जोसेफ यांनी आपली राजकीय पुंजी पणाला लावली, ते काळाच्या ओघात विरून गेले. बर्मिंगहॅमच्या चेंबरलेन चौकात १८८० मध्ये, त्यांच्या हयातीतच उभारलेले कारंजे मात्र आजही आहे आणि ते त्यांच्या महापौरपदाच्या सेवेचे स्मारक आहे.