कवटीची हाडं हलतात का? वृत्तपत्रातून डॉक्टरकीकडे वळलेल्या सदरलँड यांची गोष्ट

शिरूर तालुक्यातलं न्हावरे असो की पुणे शहर, घरात बाळ आलं की टाळू भरणं आलंच. बाळाच्या कवटीची हाडं पक्की जुळलेली नसतात, म्हणून टाळू मऊ लागते. साधारण दीड वर्षापर्यंत ती भरून येते. मात्र मोठेपणीही ही हाडं किंचित हलतात, असा दावा एका अमेरिकी डॉक्टरांनी केला. त्यातून ‘क्रेनियल ऑस्टिओपॅथी’ ही उपचारपद्धती आली.

कोण होते सदरलँड?
विल्यम गार्नर सदरलँड यांचा जन्म १८७३चा, विस्कॉन्सिनमधला. आधी ते वृत्तपत्रात काम करत. पुढे कर्क्सव्हिलला ऑस्टिओपॅथी शिकून १९०० मध्ये पदवीधर झाले. शिकताना त्यांनी सुटी केलेली कवटी पाहिली. कानशिलाजवळच्या हाडांच्या तिरप्या कडा त्यांना माशाच्या कल्ल्यांसारख्या वाटल्या. या कडा हालचालीसाठीच असाव्यात, हा विचार त्यांची पाठ सोडेना.

स्वतःवरच प्रयोग
डोक्याला पट्टे बांधून, दाब देऊन त्यांनी स्वतःवर प्रयोग केले. १९३९ मध्ये ‘द क्रेनियल बाउल’ हे पुस्तक आलं. १९५४ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज काय स्थिती?
या उपचारात लहान-मोठ्यांच्या डोक्यावर अगदी हलका हात ठेवतात. पण त्याने आजार बरे होतात, याचा भक्कम पुरावा नाही. एकाच रुग्णाची ‘लय’ दोन उपचारकांना वेगवेगळी जाणवते, असंही तपासणीत दिसलं आहे.

पालकांनी काय करावं?
टाळू खोल जाणं शरीरातलं पाणी कमी झाल्याचं, तर फुगणं मेंदूवरच्या दाबाचं लक्षण असू शकतं. अशा वेळी मालिश किंवा हलका हात नको, थेट बालरोगतज्ज्ञ गाठावेत.