मार्कोनी, चॅनेल आणि दौंडचे मनोरे

लिनक्सच्या काळ्या खिडकीत ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ एवढी ओळ टाकून एंटर मारलं की आजूबाजूच्या नेटवर्कची यादी समोर येते. त्यात नाव, चॅनेल, सिग्नल, सिक्युरिटी असे रकाने. त्याच ओळीत लिस्टऐवजी कनेक्ट लिहून पुढे नाव आणि पासवर्ड दिला की जोडणी झाली! होस्टेलवर बऱ्याच जणांना हे पाठ आहे. पण चॅनेल आणि सिक्युरिटीची गरज मुळात पडली कशी, हे मला गुलिएल्मो मार्कोनीचं चरित्र वाचताना कळलं. म्हणून हा लेख.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्याला झाला. वडील जमीनदार, आई आयर्लंडची. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती (केटीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये). १८९५ मध्ये त्याने घरीच ठिणगी पाडणारं यंत्र, उंच टांगलेली तार आणि जमिनीशी जोडणी एवढ्यावर संदेश टेकडीपलीकडे पोचवला. पलीकडे भाऊ होता. संदेश मिळाल्याची खूण म्हणून त्याने बंदुकीचा बार काढला. १८९६ मध्ये मार्कोनी इंग्लंडला गेला, पेटंट घेतलं, कंपनी काढली. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडला पतंगाने वर चढवलेल्या तारेवर त्याने इंग्लंडहून आलेले मोर्सचे तीन ठिपके ऐकल्याचं जाहीर केलं.

इथे माझं त्याच्याशी थोडं भांडण आहे. त्या दिवशी वापरलेला पाऱ्याचा ग्राहक इटालियन नौदलाचा म्हणून ओळखला जायचा. पण तशा ग्राहकाचं वर्णन आपल्या जगदीशचंद्र बसूंनी १८९९ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. बसूंना पेटंटची फारशी ओढ नव्हती, मार्कोनीला होती. १९०९ चं नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळालं. मार्कोनी लबाड होता असं मी म्हणणार नाही, कारण सुटे भाग जुळवून समुद्रापार चालणारी यंत्रणा उभी करणं हेही इंजिनिअरिंगच आहे. पण भाग कुणाकुणाचे, हे सांगायला हवं होतं.

आता चॅनेल. आमच्या रिसोडजवळ लोणीला सखाराम महाराजांची यात्रा भरते. दोन दुकानांचे भोंगे समोरासमोर लागले की भाव कुणाचाच कळत नाही. सुरुवातीच्या वायरलेसचं हेच झालं. ठिणगी सगळीकडेच पसरायची, त्यामुळे दोन केंद्रं एकदम बोलली की गोंधळ. १९०० मध्ये मार्कोनीने ७७७७ क्रमांकाचं ब्रिटिश पेटंट घेतलं, ते ट्यूनिंगचं. पाठवणारा आणि घेणारा एकाच वारंवारितेवर जुळवायचे, बाकीचे कानाआड करायचे. आपण २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६, ११ हे चॅनेल निवडतो, कारण ते एकमेकांवर चढत नाहीत. कल्पना तीच.

ट्यूनिंगमुळे संदेश सुरक्षित झाला असा कंपनीचा दावा होता. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रात्यक्षिक होतं. नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या जादूगाराने जवळच साधं यंत्र लावलं आणि मार्कोनीचा संदेश येण्याआधीच सभागृहातल्या यंत्रावर त्याची टिंगल करणारा मोर्स उमटवला! चॅनेल वेगळा म्हणजे कुलूप नव्हे, हे तेव्हाच उघडं पडलं. यादीत सिक्युरिटीचा रकाना रिकामा दिसला तर तिथे बँकेचं काम करू नका, एवढं माझं ऐका.

रिसोडला रेल्वे नाही, पण अकोल्याहून मनमाडमार्गे पुण्याला जाताना दौंड लागतं. तिथेच १९२७ मध्ये मार्कोनी पद्धतीचं बीम केंद्र सुरू झालं आणि भारत-इंग्लंड वायरलेस तारा सुरू झाल्या. पुण्याजवळच्या खडकीने फक्त बोलायचं आणि दौंडने फक्त ऐकायचं! एकाच जागी दोन्ही केलं तर आपल्याच आवाजाने कान बधिर होतात. आपलं वायफाय कार्ड म्हणूनच एका चॅनेलवर आळीपाळीने बोलतं आणि ऐकतं. बीमचं वैशिष्ट्य म्हणजे मनोऱ्यांवर तारांचा पडदा आणि त्याच्या मागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा, म्हणजे लघुलहरी चहूकडे न उधळता एकाच दिशेला जातात. हे काम मुख्यतः मार्कोनीचा इंजिनिअर फ्रँकलिन याचं. पुढे एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर नेट न्यायला आपण डिश लावतो, त्यातही तत्त्व हेच.

उतारवयातला मार्कोनी मला आवडत नाही. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या पक्षात गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये तो वारला, तेव्हा रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटं प्रसारण थांबवलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात बसूही गेले. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीच्या तिथल्या ट्यूनिंग पेटंटचे मुख्य दावे रद्द ठरवले. कारण लॉज, टेस्ला आणि स्टोन यांचं काम त्याच्या आधीचं निघालं.