विल्सडॉर्फची कडी

रोलेक्स म्हटलं की डोळ्यांसमोर एखाद्या शेटजींचं मनगट येतं. मला मात्र बोर्डिंगातला एक पोरका पोरगा आठवतो. हान्स विल्सडॉर्फ १८८१ साली बव्हेरियातल्या कुल्मबाखला जन्मला. बारा वर्षांचा असताना आई-वडील गेले, नातेवाइकांनी घरचा धंदा विकला आणि त्याला बोर्डिंगात धाडलं. (मेसच्या भाजीवरून रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

पुढे स्वित्झर्लंडमध्ये एका घड्याळ-निर्यातदाराकडे नोकरी लागली. काम काय, तर रोज शेकडो घड्याळांना चावी द्यायची आणि ती बरोबर चालतात का ते बघायचं. कंटाळवाणं खरं, पण माझ्या मते त्याचं खरं इंजिनिअरिंग तिथंच झालं. १९०३ मध्ये तो लंडनला गेला, १९०५ मध्ये आल्फ्रेड डेव्हिसबरोबर कंपनी काढली आणि १९०८ मध्ये रोलेक्स हे नाव नोंदवलं. पहिल्या महायुद्धानंतर मुक्काम हलला जिनिव्हाला.

१९२६ चं ऑयस्टर ही त्याची मोठी उडी. मागचं झाकण, चावीचं बटण आणि काचेभोवतीची कडी, म्हणजे बेझल, तिन्ही आटे पाडून घट्ट बसवलेली. बेझलवरच्या ज्या खाचा आज दागिन्यासारख्या मिरवतात, त्या मुळात पान्याला पकड मिळावी म्हणून होत्या. पाणी आत शिरत नाही हे लोकांना पटवायला त्यानं मर्सिडीझ ग्लाइट्झ या जलतरणपटूला ते घड्याळ दिलं. ऑक्टोबर १९२७ मधली तिची ती पोहण्याची फेरी गारठ्यामुळे अर्धवट राहिली, घड्याळ मात्र चालत राहिलं. पठ्ठ्यानं पुढच्याच महिन्यात वर्तमानपत्राचं अख्खं पहिलं पान जाहिरातीला घेतलं!

१९५३ मध्ये पाणबुड्यांसाठी सबमरिनर आलं. त्याची बेझल फिरणारी. बुडी मारताना शून्याचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, की पाण्याखाली किती मिनिटं झाली ते सरळ वाचता येतं. सुरुवातीला ती दोन्हीकडे फिरायची. धक्क्यानं भलतीकडे सरकली तर गेलेला वेळ कमी दिसणार आणि सिलिंडरमधल्या हवेचा हिशेब चुकणार. म्हणून पुढे ती एकाच दिशेनं फिरू लागली. आता सरकली तरी माणूस लवकरच वर येतो.

या बेझलमध्ये आकड्यांची एक पातळ अ‍ॅल्युमिनियमची चकती दाबून बसवलेली असायची. तिला इन्सर्ट म्हणतात. ऊन आणि खारं पाणी लागून तिचा काळा रंग राखाडी होतो, चरेही पडतात. त्या काळी सर्व्हिसिंगला घड्याळ गेलं की जुनी चकती काढून नवी बसवायचे, आपण सायकलचा ब्रेक-ब्लॉक बदलतो तसंच. कामाची वस्तू झिजणारच! १९५५ च्या जीएमटी-मास्टर या वैमानिकांच्या घड्याळाला बेकेलाइटची बेझल होती. ती तडकायची, म्हणून तीही काही वर्षांत जाऊन अ‍ॅल्युमिनियम आलं. विल्सडॉर्फच्या हयातीतलीच ही गोष्ट. तो १९६० साली वारला. मूलबाळ नव्हतं, पत्नी १९४४ मध्ये गेली होती. कंपनी त्यानं स्वतःच्या नावाच्या ट्रस्टला देऊन टाकली आणि आजही ती त्याच ट्रस्टची आहे.

आज मात्र सगळं उलटं झालंय. संग्राहकांना ती विटलेली, मूळचीच चकती हवी असते. चकचकीत नवी टाकली की किंमत पडते, म्हणून जुन्यासारख्या दिसणाऱ्या नकलाही निघाल्यात. २०१० पासून पोलादी सबमरिनरला सिरॅमिकची चकती येते. ती विटतच नाही, म्हणजे पुढच्या पिढीला हा वादच उरणार नाही.

असं घड्याळ माझ्या हाती येण्याची शक्यता आमच्या मेसमध्ये रोज पनीर मिळण्याइतकीच. तरी मेकॅनिकलवाला म्हणून मत देतोच. घड्याळ घालून खरंच पाण्यात उतरणार असाल, तर आकडे न दिसणारी चकती बेलाशक बदला. कपाटातच ठेवणार असाल, तर हात लावू नका. आणि बदलायचीच असेल, तर सुरीनं चकती उचकटू नका. एकदा वाकली की ती सरळ होत नाही. अख्खी कडीच काढून दुसरी बसवा, जुनी पुडीत बांधून घड्याळाच्या डबीत ठेवा. कारागिराकडे देताना काढलेले भाग परत हवेत, हे पावतीवर लिहून घ्या.