मालकाला उसंत देणारा धंदा
लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी घालून दिलेला धडा

शेतकरी बंधूंनो, एक साधा प्रश्न स्वतःलाच विचारून पहा. उद्या तुम्ही घरच्यांना घेऊन आठ दिवस पंढरपूरला जायचे ठरवले, तर तुमचा धंदा तुमच्यावाचून चालेल काय? दूध वेळेवर डेअरीला जाईल का, कोंबड्यांना खाद्य पडेल का, दुकानाचा गल्ला जुळेल का, पाण्याची पाळी चुकणार नाही ना? बहुतेकांचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. लेकीच्या सासरी जायचे तरी दोन धारांच्या मधल्या वेळात जाऊन यावे लागते. धंदा आपला म्हणायचा, पण गडी मात्र आपणच!

पैसा हाताशी राहील आणि मालकाला चार दिवस उसंतही मिळेल, असा धंदा खेड्यात उभा राहू शकतो का? तो उभा करून दाखवलेला माणूस आपल्याच जिल्ह्यातला होता. लोणी बुद्रुकचे विठ्ठल एकनाथ विखे, म्हणजेच पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील. त्यांचे नाव कारखान्याच्या कमानीवर रोज वाचले जाते, नारळी पौर्णिमेला जयंतीचे हार चढतात. पण त्यांनी नेमके केले काय, हे नव्या पिढीतल्या पोरांना विचारले तर कारखाना काढला एवढेच सांगतात. कारखाना कशासाठी काढला, हे समजून घेण्यासारखे आहे.

कर्जाचा फास

विठ्ठलराव एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावर शेतकऱ्याच्या घरी जन्मले. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. तो काळ कसा होता? १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या दारात जाऊन कर्जाचे कागद जाळले होते. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. कागद जळाले, कायदे आले, पण सावकार काही गेला नाही. बी-बियाण्याला त्याच्याकडेच हात पसरायचा, लग्नकार्याला त्याच्याकडेच जायचे आणि पीक आले की त्याच्याच खळ्यात ओतायचे, हे चालूच राहिले.

विठ्ठलरावांनी पहिले काम धरले ते इथे. १९२३ साली त्यांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी काढली. चौथी शिकलेल्या तरुण शेतकऱ्याने गावच्या कर्जाचा हिशेब आपल्या हाती घेतला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. वाचक हो, क्रम लक्षात घ्या. कारखाना पुढे सत्तावीस वर्षांनी आला, आधी आली पतपेढी. भांडवल उभे करण्याआधी कर्जाचे भोक बुजवायचे, हा त्यांचा हिशेब होता. आज आपण उलटे करतो. आधी शेड बांधतो, गाडी घेतो आणि मग कर्जाचे काय करायचे याचा विचार करतो.

पाणी आले, पण उसंत आली नाही

१९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांना पाणी खेळू लागले आणि या पट्ट्यात ऊस वाढला. पण फायदा कोणाचा? हरेगावला बेलापूर कंपनीचा खाजगी साखर कारखाना होता. अशा कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या आणि स्वतःचे ऊसमळे केले. जमीन शेतकऱ्याची, आणि त्याच जमिनीवर मजुरीला तोच! खंडकऱ्यांचा प्रश्न पुढे किती वर्षे लोंबकळला, हे श्रीरामपूर-कोपरगावकडच्या वाचकांना सांगायला नको.

ज्याने जमीन दिली नाही, तो गूळ करायचा. गुऱ्हाळ पाहिलेली म्हातारी माणसे अजून गावात आहेत, त्यांना विचारा. ऊस तोडला की तो वाळायच्या आत चरकात घालायचा, रस कढईत, खाली चुलवण रात्रंदिवस पेटलेले. गुळव्या मिळाला तर गूळ बरा, नाही तर चिक्की. मालकाने डोळ्याला डोळा लावायचा नाही. एवढे करून ढेपा बाजारात न्याव्यात तर अडत्याची उचल आधीच डोक्यावर. मग अडत, हमाली, तोलाई, सूट असे एकेक वजा होत जायचे. भाव ठरवणारा तो, माल ठेवायला जागा नाही, पावसाळी हवेत गुळाला पाणी सुटते, म्हणून येईल त्या भावाला द्यायचा. १९२९ नंतर जगभर मंदी आली तेव्हा शेतमालाचे भाव असे कोसळले की बागायतदार जिरायतदारापेक्षा जास्त कर्जात गेला, कारण त्याचा खर्चही मोठा होता.

इथे विठ्ठलरावांच्या ध्यानात जी गोष्ट आली, ती प्रत्येक छोट्या धंदेवाल्याने लिहून ठेवावी. कष्ट कमी पडत होते म्हणून शेतकरी बुडत नव्हता. पक्का माल करण्याची आणि विकण्याची शेवटची पायरी त्याच्या हातात नव्हती, म्हणून तो बुडत होता. शिवाय एकेकट्याने ती पायरी चढू म्हटले, तर जन्मभर चुलवणाजवळच बसावे लागणार होते.

भाग भांडवलाची पायपीट

१९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्यांनीच मालक होऊन साखर कारखाना काढावा, हा विचार तिथे जोर धरू लागला. असे काही प्रयोग दक्षिणेत आधी झाले होते, पण आपल्याकडे ही गोष्ट वेडेपणाची वाटावी अशीच होती. कारखाना काढणार शेटजी. कुणब्याचे ते काम नाही, असे कुणबीच म्हणत.

मग सुरू झाली भाग भांडवलाची पायपीट. विठ्ठलराव आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. ज्याने आयुष्यात शंभराची नोट क्वचित पाहिली, त्याला कागदाच्या तुकड्यासाठी पैसे द्या म्हणायचे. पैसे बुडाले तर? विखे पाटील पळून गेले तर? सरकारने परवानगीच नाकारली तर? ही शंका घेणारी माणसे वाईट नव्हती. पिढ्यान्पिढ्या फसलेला माणूस दुसरे काय करणार? ती मोडून काढायला भाषण पुरले नसते. १९२३ पासून पतपेढीचा हिशेब ज्याने सांभाळला होता, त्याच्या शब्दाला तेव्हा किंमत आली. पत ही अशी वीस-वीस वर्षे साठवावी लागते, आणि ती एका दिवसात खर्च होते.

मुंबई राज्याचे तेव्हाचे अर्थ आणि सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा मिळाला. सरकारने भाग घेतले, औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज झाले. १९४८ च्या अखेरीस संस्थेची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला पहिले गाळप झाले. रोजची क्षमता सुरुवातीला साधारण पाचशे टनांची. आजच्या मानाने लहानच. पण आशिया खंडातील पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना अशी त्याची ओळख झाली.

ज्याने काढला, तो अध्यक्ष झाला नाही

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्या माणसाने गावोगाव फिरून पैसा गोळा केला, तो माणूस पहिला अध्यक्ष झाला नाही! अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ, आणि सुमारे दहा वर्षे राहिले. विठ्ठलराव उपाध्यक्ष. आपल्या गावातली सोसायटीची निवडणूक आठवा आणि मग या गोष्टीचे मोल करा.

गाडगिळांना गावकी नव्हती, भावकी नव्हती. हिशेब कसा ठेवायचा, घसारा किती काढायचा, राखीव निधीत किती टाकायचे, सभासदाला किती वाटायचे, हे ते अर्थशास्त्राने सांगत. जमीन, पाणी, माणसे, रुसवेफुगवे हे विठ्ठलराव सांभाळत. ज्याला जे येते ते त्याने करावे, आणि जे येत नाही त्यासाठी जाणता माणूस आणून त्याचे ऐकावे. धंदा एका माणसाच्या डोक्यावर उभा राहिला नाही, म्हणून तो टिकला. पुढे विठ्ठलराव अध्यक्ष झाले तेव्हा घडी बसलेली होती. १९६१ साली पंतप्रधान पंडित नेहरू प्रवरानगरला येऊन गेले. त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली.

सभासदाला काय मिळाले?

नुसता भाव मिळाला असे नाही. उसाची नोंद झाली की तोडणीचा कार्यक्रम कारखाना लावू लागला. टोळी कारखान्याची, वाहतूक कारखान्याची, वजन काट्यावर, आणि बिल सोसायटीच्या, बँकेच्या खात्यावर. पीककर्ज परस्पर कापून जाऊ लागले, सावकार दारात येईना. पैसा एकदम हातात येऊन एकदम संपण्याऐवजी पहिली उचल आणि मग पुढचा हप्ता असा येऊ लागला. बिलातून थोडी ठेव कापली जाई. सभासद कुरकुरत, पण त्या ठेवींतूनच कारखाना वाढला.

म्हणजे गुऱ्हाळाशेजारी जागणारा बागायतदार पहिल्यांदा रात्री घरी झोपू लागला. सवड मिळाली तशी त्याची मान वर झाली. पोरांच्या शाळेचे पाहू लागला. १९६४ साली प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था आली, पुढच्या दशकात रुग्णालय आले. उसंत नसलेला माणूस शाळा काढत नाही, हे ध्यानात घ्या. राहुरी, कोपरगाव, श्रीरामपूर, संगमनेर या भागांतही सहकारी कारखाने उभे राहिले आणि जिल्ह्याचे रूप पालटले.

१९८० साली विठ्ठलराव गेले. कारखाना बंद पडला नाही. धंद्याची खरी परीक्षा हीच.

नाण्याची दुसरी बाजू

पण बंधूंनो, सगळे गोडच लिहिले तर तो लेख होणार नाही, जाहिरात होईल. बागायतदाराला रात्रीची झोप मिळाली, ती कोणाच्या जागरणावर? पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीनंतर कोयता घेऊन निघणारी माणसे कोपीत राहतात, पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधतात, आणि त्यांची पोरे निम्मे वर्ष शाळेबाहेर. त्यांच्या डोक्यावर मुकादमाची उचल असते, जशी एकेकाळी आपल्या डोक्यावर अडत्याची होती. पाण्याचेही तसेच. कालव्याच्या कडेला जास्त पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आणि टेलच्या शेतकऱ्याला पाळी मिळेना.

आणि सहकार म्हटला की टिकेलच असेही नाही. राज्यातले कितीतरी सहकारी कारखाने कर्जात बुडाले, बंद पडले, विकले गेले. आज कायद्याने उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत चौदा दिवसांत द्यायची आहे, तरी काही ठिकाणी सभासदांना थकबाकीसाठी मोर्चे काढावे लागतात. नाव सहकाराचे होते, पण राखीव निधी खाल्ला गेला, जाणत्या माणसाचे ऐकले गेले नाही, आणि संस्था एकाच माणसाभोवती फिरू लागली. प्रवरेला जे आधी केले, तेच तिथे शेवटपर्यंत झाले नाही.

तुम्ही काय घ्याल?

तुम्हाला काही कारखाना काढायचा नाही. पाच गाई असतील, शेडनेट असेल, पिठाची गिरणी किंवा कृषी सेवा केंद्र असेल. विठ्ठलरावांचा क्रम मात्र तोच लावता येतो.

पहिले, महागडे कर्ज आधी फेडा, वाढ नंतर. दुसरे, घरखर्चाचे खाते आणि धंद्याचे खाते वेगळे ठेवा, आणि प्रत्येक बिलातून थोडी रक्कम हात न लावता बाजूला टाका. दुधाचा भाव पडला तर तीन महिने चारा-पेंड निघेल एवढी साठवण असली, की झोप लागते. तिसरे, वही अशी ठेवा की घरातल्या दुसऱ्या माणसाला ती वाचून कामे करता येतील. कारभारणीला व्यवहार ठाऊक नाही, ही अभिमानाची गोष्ट नव्हे.

चौथे, एकट्याने सगळे करू नका. वस्तीवरचे तीन-चार दूध उत्पादक एकत्र आले, धारांच्या पाळ्या लावून घेतल्या आणि भरोशाचा एक गडी सामाईक ठेवला, तर प्रत्येकाला महिन्यातून दोन-तीन दिवस मोकळे मिळू शकतात. विचार लहान आहे, पण कारखान्याचे मूळ याहून वेगळे नव्हते. आणि पाचवे, तुम्हाला जो गडी मदत करतो, त्यालाही सुट्टी आणि हिशेबाचा चोख पैसा द्या. नाही तर आपण नवे अडते ठरू.

ग्रामसेवक, तलाठी आणि सोसायटीच्या सचिवांना एक विनंती. गावात चार जण एकत्र येऊन गट काढायचे म्हणतील, तेव्हा त्यांना कागदासाठी दहा हेलपाटे घालायला लावू नका. पतपेढी काढणारा लोणीचा चौथी शिकलेला तरुणही एके दिवशी असाच अर्ज घेऊन कोणत्या तरी कचेरीत गेला असणार.