मंत्री, कैदी आणि साक्षीदार : ऑयगेन बोल्झ



राजकारण म्हटले की आपण नाक मुरडतो. सज्जन माणसाने त्या वाटेला जाऊ नये, असे आपल्या घराघरांतून मुलांना सांगितले जाते. ख्रिस्तसभा मात्र तसे मानत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली संत थॉमस मोर यांना राजकारण्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्याच वाटेने गेलेल्या एका जर्मन मंत्र्याची आज आपण ओळख करून घेऊ या.

ऑयगेन बोल्झ यांचा जन्म १५ डिसेंबर १८८१ रोजी दक्षिण जर्मनीतील रोटेनबुर्ग या गावी झाला. गाव लहान, पण बिशपांचे मुख्य ठिकाण. वडील व्यापारी, कुटुंब मोठे आणि श्रद्धाळू. बोल्झ कायदा शिकले आणि १९१२ साली कॅथलिकांच्या सेंटर पक्षातर्फे जर्मन संसदेत निवडून गेले.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील राजेशाही संपली. वुर्टेंबर्ग या त्यांच्या राज्यात ते १९१९ साली न्यायमंत्री झाले, १९२३ साली गृहमंत्री झाले आणि १९२८ साली राज्याचे प्रमुख झाले. हे पद साधारणपणे आपल्याकडील मुख्यमंत्र्यांसारखे. त्या राज्यात प्रॉटेस्टंट बहुसंख्य होते, तरीही या कॅथलिक माणसाने सलग चौदा वर्षे मंत्रिपद सांभाळले. राजकारण म्हणजे श्रद्धा जगण्याची एक रीत, अशी त्यांची धारणा होती.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. निवडणुकीच्या प्रचारात बोल्झ यांनी त्याच्यावर उघड टीका केली. हिटलरने स्टुटगार्टला येऊन त्यांना जाहीर भाषणात उत्तर दिले. मार्चमध्ये बोल्झ यांचे पद गेले.

इथे त्यांच्या जीवनातील सर्वांत अवघड प्रसंग येतो. २३ मार्च १९३३ रोजी संसदेला डावलून कायदे करण्याचा अधिकार हिटलरला देणारे विधेयक मतदानाला आले. बोल्झ यांच्या मनात गंभीर शंका होत्या. तरीही पक्षाची शिस्त पाळून त्यांनी बाजूने मत दिले. विरोधात मत दिले ते फक्त समाजवादी लोकशाही पक्षाच्या ९४ सभासदांनी. हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगत आहोत. थोरांची चरित्रे सांगताना आपण असे डाग पुसून टाकतो, आणि मग ती माणसे आपल्याला परकी वाटू लागतात. मोठ्या मनाचा माणूसही इतरांबरोबर वाहवत जाऊ शकतो. पुढे तो काय करतो, हे महत्त्वाचे.

त्याच वर्षी जून महिन्यात त्यांना अटक झाली. जमवलेल्या जमावापुढे त्यांची विटंबना करण्यात आली आणि होहेनआस्पेर्ग किल्ल्यात काही आठवडे डांबून ठेवण्यात आले. सुटका झाल्यावर पद नव्हते, मान नव्हता. पाठीवर पाळत मात्र होती. पत्नी आणि कन्या यांच्यासह ते शांतपणे राहू लागले. बॉयरोनच्या मठात जाऊन ते चिंतन व अभ्यास करीत.

सत्ता देवाकडून असते असे संत पौल रोमकरांस लिहितो. मग दुष्ट सत्तेपुढेही मान तुकवायची काय? १९३४ साली बोल्झ यांनी लिहून ठेवलेला निष्कर्ष असा : राज्यकर्ते सत्तेचा उघड आणि सतत गैरवापर करू लागले तर जनतेला स्वतःचा बचाव करण्याचा हक्क असतो. हा विचार ख्रिस्तसभेला नवा नव्हता. जुलमी राजवटच खरी बंडखोर, असे संत थॉमस अॅक्विनास यांनी तेराव्या शतकातच शिकवले होते. मात्र तिला उलथून टाकताना प्रजेवर त्याहून मोठी आपत्ती ओढवू नये, हेही त्यांनी बजावले होते.

पुढे कार्ल गोर्डेलर यांच्या गुप्त गटाशी बोल्झ यांचा संबंध आला. हिटलरनंतरच्या सरकारात मंत्री होण्यास त्यांनी संमती दिली. त्या होकाराची किंमत ते ओळखून होते. २० जुलै १९४४ चा कट फसला. १२ ऑगस्टला त्यांना अटक झाली, २१ डिसेंबरला मृत्युदंडाची शिक्षा झाली आणि २३ जानेवारी १९४५ रोजी बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात त्यांचा शिरच्छेद झाला. युरोपातील युद्ध संपायला चार महिनेही उरले नव्हते. त्याच दिवशी, त्याच तुरुंगात कॅथलिक कामगार नेते निकोलाउस ग्रोस यांनाही फाशी देण्यात आली. त्यांना २००१ साली धन्यवादित घोषित करण्यात आले. बोल्झ यांच्यासाठी तशी प्रक्रिया त्यांच्या धर्मप्रांताने २०१५ साली सुरू केली.

बंधुभगिनींनो, मंत्रिपद आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येईल. पण ग्रामसभा, सोसायटीची बैठक, शाळेची समिती, कामगार संघटना इथे आपण सगळेच जातो. सगळे हात वर करतात म्हणून आपणही हात वर करतो, आणि घरी आल्यावर मन खात राहते. ते मनाचे खाणे म्हणजे सद्सद्विवेकबुद्धीचा आवाज होय. बोल्झ यांनी तो दाबला नाही. एकदा चुकीच्या बाजूने दिलेल्या मतानंतर त्यांनी विचार केला, प्रार्थना केली आणि पुन्हा विचारणा झाली तेव्हा प्राणाची बाजी लावून योग्य बाजू घेतली.

या रविवारी मिस्सामध्ये आपल्या लोकप्रतिनिधींसाठी प्रार्थना करू या. आणि आपला हात वर जाण्याआधी क्षणभर थांबण्याचे बळ परमेश्वराकडे मागू या.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू